ओटीपीचं सिम आईजवळ ठेवून जाऊ नका

येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी या आमच्या बेळगाव भागातून परदेशी निघालेल्या पोरांच्या बॅगा मी बघत आलोय. कुंद्याचा डबा, लोणचं, मसाला, सगळं आठवणीनं भरलेलं असतं. बँकेला जोडलेलं सिम तेवढं “तिकडं काय कामाचं” म्हणून आईच्या फोनमध्ये घालून जातात. मीही तेच केलं होतं. कतारच्या दोह्यातून पैसे पाठवायचे की आईला फोन लावायचा. ती भाताची नट्टी (रोपं) लावायला शेतात, फोन घरातल्या कोनाड्यात. कुणीतरी धावत जाऊन तिला बोलावून आणायचं, चष्मा सापडायचा, मग ती सिमवर आलेल्या ओटीपीचा एकेक आकडा सांगायची, “सहा… नाही रे, नऊ आहे वाटतं.” तोवर मुदत संपलेली. खरं नुकसान पुढं झालं. फोनवर कुणी विचारलं की आकडे वाचून दाखवायचे, ही सवय मीच तिला लावली होती. एके दिवशी भामट्यानं विचारलं, तिनं त्यालाही वाचून दाखवले. ४२ हजार गेले. तिची चूक नव्हती. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला पोटतिडकीनं सांगतो: नंबर तुमच्यासोबत गेला पाहिजे.

तयारी निघायच्या महिनाभर आधी सुरू करा आणि पहिली फेरी बँकेत मारा. खात्याला आज कोणता नंबर जोडलाय ते पासबुकावर विसंबून न राहता विचारून घ्या. कॉलेजात असताना उघडलेल्या खात्याला बऱ्याचदा वडिलांचा नाहीतर कधीच बंद पडलेला नंबर असतो, आणि बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. त्याच फेरीत ई-मेलही नोंदवा. शाखेतला फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असेल. कन्नड वाचता येत नसेल तर इंग्रजी बाजू नीट वाचून स्वतः भरा, कोऱ्या फॉर्मवर सही करून येऊ नका.

नंतर सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. ते हरवलं तर ज्याच्या नावावर आहे त्यालाच आधार कार्ड घेऊन दुकानात जावं लागतं, तेव्हा स्वतःच्या नावावर करून घ्या. आपल्या सीमाभागात आणखी एक गोम आहे. निपाणी-चिकोडीकडं कित्येकांचे नंबर कोल्हापुरात घेतलेले, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचे (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग). बेळगाव येतं कर्नाटक सर्कलमध्ये. डुप्लिकेट सिम किंवा ई-सिम (प्लास्टिकशिवाय, फोनमध्येच चालू होणारं सिम) काढताना इथल्या दुकानातून कोल्हापूरकडं पाठवू शकतात. ती खेप आत्ताच करा, विमानाच्या आदल्या दिवशी नाही. कारण सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद राहतात, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानं सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडं पोर्टही करता येत नाही.

फोन दोन सिमचा हवा: एकात इथला नंबर, दुसऱ्यात तिथला. अमेरिकेत जाऊन आयफोन घ्यायचा बेत असेल तर आधीच सावध व्हा. २०२२ च्या आयफोन १४ पासून तिथल्या आयफोनला सिमची खाचच नाही, आपलं प्लास्टिकचं सिम त्यात बसणार नाही. इथूनच ई-सिम करून जा. नवा फोन घ्यायचाच असेल तर तोही इथंच घ्या आणि यूपीआय, बँकेचं ॲप सगळं इथंच चालू करा. ॲप पहिल्यांदा चालू होताना तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस जातो. परदेशातून तो जाताना पैसे लागतात आणि पुष्कळदा जातच नाही. तिकडं गेल्यावर ॲप काढून पुन्हा टाकायचा उद्योग करू नका. एसएमएसशिवाय ओटीपी देणारं ॲप तुमच्या बँकेकडं असेल, जसं स्टेट बँकेचं सिक्युअर ओटीपी, तर तेही निघण्याआधी जोडून ठेवा.

आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे का, आणि येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे कंपनीला विचारा. सहसा पडत नाहीत, येणाऱ्या कॉलला मात्र पडतात. त्या सिमचा डेटा बंद ठेवा. आणि साधा रिचार्ज संपू देऊ नका. तो संपला की तुम्ही कोंडीत सापडता: रिचार्जला कार्ड वापरायचं तर ओटीपी हवा, आणि ओटीपी यायला रिचार्ज हवा. म्हणून घरच्यांवर काम सोपवायचंच असेल तर हे सोपवा. सिम तुम्ही न्या, रिचार्जची तारीख भावाला कॅलेंडरवर लिहायला सांगा.

कार्डाचा परदेशी वापर ॲपमध्ये चालू करा. मार्च २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतं, बाकी आपण उघडायचं. मर्यादा कमी ठेवा. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या खिशात असू द्या.

नोकरीला जाणाऱ्यानं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं, इथल्या कमाईसाठीचं खातं) करावं लागतं. तिकडचा पगार इथं पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) उघडा. याचा फायदाही आहे, बऱ्याच बँका अशा खात्यांना परदेशी नंबर जोडून देतात. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, अशा खात्यांसाठी १० देशांच्या नंबरांवर यूपीआयला परवानगी दिली. त्यात ओमान, कतार, सौदी, यूएई आले. कुवेत आणि बहारीन त्या यादीत नव्हते. तिकडं निघालेल्यांनी शाखेत आजची स्थिती विचारूनच बेत ठरवावा.

आदल्या संध्याकाळी आईजवळ बसा. “फोनवर कुणीही, अगदी माझ्या आवाजात मागितला तरी आकडा सांगायचा नाही,” हे तिच्याकडून म्हणवून घ्या. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. पैसे गेले तर पहिल्या तासात तिथं फोन गेला पाहिजे.

गोव्यातलं मोपा, मुंबई, बेंगळूर, कुठूनही उडा. उतरल्यावर खोलीवर पोहोचायच्या आत बँकेचा एक ओटीपी मागवून बघा. आला नाही तर फोन बंद करून चालू करा. तरीही नाही, तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडणं बंद करा आणि यादीतली तिथली दुसरी कंपनी निवडा. माझं दोह्यातलं अडलेलं काम पुढच्या खेपेला याच उपायानं सुटलं, दुसरी कंपनी निवडल्याबरोबर अडकलेले चार मेसेज एकदम आले.