प्रॉडक्शन प्लॅनिंग कोलमडतंय? सॉफ्टवेअर बदलण्याआधी या चुका टाळा

प्लॅन कोलमडला की आधी ईआरपीला, म्हणजे ऑर्डर, स्टॉक, प्लॅन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या पडतात. पण त्यात जे आकडे जातात ते माणसं देतात आणि बरेचदा बोलणी बसायच्या भीतीने देतात, हे प्लॅनिंगवाले विसरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिलेला वेळ जसाच्या तसा धरणं. ऑपरेटरला माहितीये काम 2 दिवसांचं आहे, पण उशीर झाला तर आपल्यालाच धरतील म्हणून तो 3 सांगतो, सुपरवायझर 5 करतो, पीपीसी (प्लॅनिंगचं खातं) कस्टमरला 7 कळवतं, आणि मग "अजून वेळ आहे" म्हणत जॉब मशीनवर चढतो तो सहाव्या दिवशी! तेव्हाच टूल तुटलं की गेलं सगळं. उपाय असा की प्रत्येकाने आपापला जास्तीचा वेळ ठेवायचाच नाही, थोडा वेळ सगळ्यांसाठी मिळून शेवटी एकत्र ठेवायचा, आणि खरा आकडा देऊनही उशीर झाला तर त्या माणसाला झापायचं नाही. हे दुसरं जमलं नाही तर पहिलं कधीच जमणार नाही.

नवीन पार्ट असला की उलटं होतं, सगळेच वेळ कमी धरतात. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या सवयीवर लिहिलंय. त्यामुळे अंदाज विचारत बसू नका, तसल्याच जुन्या जॉबला प्रत्यक्षात किती दिवस गेले ते रजिस्टरमधून काढा.

इन्सेंटिव्ह नगावर आहे का बघा. मशीनच्या सेटिंगला 2 तास जात असतील आणि ऑर्डर 50 ची असेल तर ऑपरेटर 200 काढूनच थांबणार, त्याचं काय चुकलं सांगा? पण तोवर दुसरा अर्जंट पार्ट तसाच पडून राहतो आणि असेंब्लीवाले हातावर हात धरून बसतात. नगाऐवजी प्लॅनप्रमाणे काम झालं का हे मोजा.

आणि अर्जंटचं म्हणाल तर रोज दहा जॉबवर लाल टॅग लागत असतील तर त्या टॅगला कोण विचारतंय? पुढच्या 3 दिवसांचा प्लॅन लॉक ठेवा, त्यात काही घुसवायचं असेल तर कुठला जॉब मागे जाणार हे मागणाऱ्यानेच लिहून द्यायचं.

गौरी-गणपतीला कोकणातली पोरं गावी जाणारच, तरी प्लॅन फुल हजेरीचा! महिनाभर आधी विचारून घ्या, आणि खरं सांगणाऱ्याची रजा कापू नका, नाहीतर पुढच्या वर्षी थेट गावावरून फोन येईल.

स्टॉक जुळत नसेल तर शिफ्टची नोंद बघा. चांगल्या दिवशी 120 निघाले तरी 100 लिहायचे आणि 20 मशीनमागे ठेवायचे, कारण एकदा 120 दाखवले की उद्यापासून तेच टार्गेट होतं. आठवडाभर तरी टार्गेटला हात लावणार नाही असं शब्द देऊन सांगा, आणि मग रॅकच्या मागचा माल मोजायला घ्या.