बिडाचं आप्पेपात्र उजळायला काढताना

माळ्यावरचं आप्पेपात्र खाली उतरवायच्या आधी फडकी गोळा करा. जुनी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली आणि कोरडी. धोतर किंवा पंचा फाडला तरी चालेल. टर्किशचा टॉवेल नको, त्याची लव तेलात चिकटून तिथेच जळते. तुकडे डझनभर तरी हवेत. मागच्या खेपेला सगळं हाताशी होतं, फक्त हीच नव्हती, म्हणून पुढेही ऐकवणार आहे.

भांड्याला आधी चमच्याने टोला द्या. ठण्ण वाजलं तर पुढे जा. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे आणि आचेवर ती वाढणारच; उगाच घासत बसू नका, नवं घ्यायला इंदुरात भांड्यांचा कसेरा बाजार आहे.

तारेची घासणी, साबण, हातमोजे. गंज जाड असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, प्लॅस्टिकच्या टबात. रात्रभर भिजवायचं नाही! अर्ध्या तासाने काढा, घासा, बघा. गंज संपला की आम्ल लोखंडालाच लागतं. धुतल्याबरोबर पुसून थेट मंद गॅसवर, तापेपर्यंत. इंदुरात हे काम एप्रिल-मेमध्ये उरकावं. श्रावणात ओलं भांडं ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईतो तांबूस झालेलं असतं.

मग बिडावर तेलाचा पातळ थर भाजून बसवायचा. त्याला घरातलं सोयाबीनचं तेल चालतं, आपल्याकडे त्याला तोटा नाही. जवसाच्या तेलाचं फार कौतुक होतं, पण त्याचे पुढे पापुद्रे सुटतात.

आता फडकी. कोमट भांड्याला बोटभर तेल सगळीकडे चोळा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने. मग तिसऱ्या. तव्याचं एकवेळ निभतं, इथे प्रत्येक खळग्याच्या तळाशी तेल उतरतं आणि ओव्हनमध्ये त्याचा लाखेसारखा चिकट गोळा होतो. तो परत खरवडायचा म्हणजे पहिल्यापासून सगळं. म्हणून प्रत्येक खळग्यात बोट घालून पुसा, फडक्यावर तेलाचा डाग उमटेनासा होईपर्यंत. तेलकट झालेलं फडकं तेल पुसत नाही, पसरवतं. नवं घ्या.

ओटीजी, म्हणजे घरातला विजेचा ओव्हन, २३० अंश सेल्सिअसवर, भांडं उपडं, तासभर; खिडक्या उघड्या. आतच गार होऊ द्या, तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडकतं. असं तीन-चारदा, दर वेळी नवी फडकी. तेलकट बोळे ढीग करून टाकू नका, विशेषतः जवसाचे, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग कचरागाडीत.

पहिल्या घाण्यांना तेल सढळ. आंबलेलं पीठ भांड्यात राहू द्यायचं नाही. धुवा, तापवा, तेलाचा हात फिरवा. आणि तो पुसा, कोरड्या फडक्याने.