भाड्याच्या घरात डॉबरमन आणायचाय? आधी ॲग्रीमेंट बघा

पुण्यात आपलं ॲग्रीमेंट असतं ११ महिन्यांचं आणि डॉबरमन जगतो १०-१२ वर्षं, म्हणजे त्याला घेऊन किती वेळा घर शोधावं लागेल याचा हिशोब पिल्लू आणायच्या आधीच करा. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही हे खरंय, पण घरमालकाचं वेगळं असतं, तो नाही म्हणाला की विषय संपला, म्हणून "अहो ठेवा की" असं तोंडी बोलणं पुरेसं नाही, ॲग्रीमेंटमध्ये कुत्र्याचा उल्लेख लिहून घ्याच. आणि "छोटंसं पिल्लू आहे काका" असं सांगून फसवू नका, वर्षभरात ते ३५-४० किलोचं धूड होतं!

केस बारीक असतात त्यामुळे साफसफाईचा त्रास कमी, पण याला एकटं अजिबात करमत नाही, सारखा पायात पायात. तुम्ही ९ तास ऑफिसात आणि तो घरात एकटा, तर दाराची चौकट कुरतडलेली दिसणार आणि डिपॉझिट तिथेच कापलं जाणार. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास पळवायला जमणार नसेल तर राहू द्या. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीज लसीचं कार्ड फाईलला लावून ठेवा, नवीन घरमालकाला आधी तेच दाखवायचं.