राउटरचं फर्मवेअर हाताने अपडेट करताय? आधी या चुका टाळा

नात्यात किंवा सोसायटीत कुणाचा राउटर 'मेला' की फोन मला येतो. जाऊन बघितलं की दरवेळी तेच, फर्मवेअरचं (राउटर ज्यावर चालतो त्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट टाकताना घाई केलेली असते. दरवेळी मन:स्ताप होतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली चूक म्हणजे राउटर उलटा करून स्टिकर न वाचणं. लोक मॉडेल नंबर गूगलवर टाकतात, पहिली लिंक उघडतात, फाईल उतरवतात, संपलं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर ८४१ एन घ्या. त्याच नावाखाली वेगवेगळी हार्डवेअर व्हर्जन आहेत, आकडा स्टिकरवर असतो; व्हर्जन ११ मध्ये क्वालकॉमची चिप आहे आणि १३ मध्ये मीडियाटेकची, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. बऱ्याचदा राउटर स्वतःच चुकीची फाईल नाकारतो, पण त्या भरवशावर राहू नका. मी स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढतो आणि तो समोर ठेवूनच कंपनीची साइट उघडतो, तीही भारतासाठीचीच, कारण देशाप्रमाणे फाईल वेगळी असू शकते. फाईल झिपमध्ये आली तर ती उघडून आतली 'बिन' फाईल द्यायची, अख्खी झिप नाही.

आता ज्या चुकीचा मला खरंच राग येतो ती. अपडेट चालू असताना वायर काढणं!

माझा मावसभाऊ नाशिकला असतो, काम सगळं घरून. रविवारी दुपारी अपडेट लावलं, पट्टी सत्तर टक्क्यांवर थांबली, 'हँग झालं' म्हणून ह्याने अ‍ॅडॉप्टर काढून परत लावला. पाच मिनिटं थांबलो म्हणतो, मला नाही वाटत दोनसुद्धा झाली असतील. राउटर आधी फ्लॅश चिपवरचं जुनं पुसतो आणि मग नवीन लिहितो, मध्येच वीज तोडली की जुनंही नाही आणि नवंही धड नाही. नशीब की बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, शाबूत होता. संध्याकाळी मी गेलो, लॅपटॉप लॅन केबलने जोडला, आयपी हाताने १९२.१६८.०.६६ दिला, टीएफटीपी सर्व्हर (राउटरला केबलवरून फाईल देणारा छोटा प्रोग्राम) चालू केला, त्याचाही ८४१ एनच, व्हर्जन १३ होतं म्हणून फाईलचं नाव 'टीपी अंडरस्कोअर रिकव्हरी डॉट बिन' केलं आणि रिसेटचं बटण दाबून धरून राउटर ऑन केला. तीन वेळा काहीच नाही. मग लक्षात आलं की विंडोजची फायरवॉल अडवतेय. ती बंद केली, चौथ्यांदा फाईल गेली आणि दिवे एकेक करून लागले. सोमवारी सकाळी नऊला त्याची मीटिंग होती.

माझी सवय सांगतो, अपडेटचं बटण दाबलं की मी चहा टाकायला जातो आणि दहा मिनिटं त्या खोलीत फिरकत नाही. आभाळ भरून आलंय, लाइट ये-जा करतेय, तर त्या दिवशी हात लावायचा नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा मोड इकोवर असेल तर लाइट जाताना राउटर रिस्टार्ट होऊ शकतो, यूपीएसवर करून ठेवा.

अपडेटनंतर कधीकधी सगळी सेटिंग्ज उडतात आणि नेटचं पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड कुणालाच आठवत नाही, मग रविवारी केबलवाल्याला फोनवर फोन. सेटिंग्जच्या बॅकअपची फाईल घ्याच, पण जुनी फाईल नव्या फर्मवेअरवर नीट बसेलच असं नाही, म्हणून मी युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही वहीतही लिहितो.

वायफायवरून अपडेट नको, केबल लावा.

नेट कंपनीने दिलेला डबा असेल तर बाहेरची फाईल टाकूच नका, त्याचं अपडेट तेच लांबून करतात.

ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकता येणारं मोफत, खुलं फर्मवेअर) टाकायची हौस असेल तर जरूर टाका, पण एक व्हिडिओ बघून लगेच नको. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना साधारणपणे 'फॅक्टरी' फाईल लागते, 'सिसअपग्रेड' नंतरची. आपल्या मॉडेलचं पान शेवटपर्यंत वाचा, कंटाळा आला तरी वाचा.

आणि राउटर परत चालू झाला, नेट आलं, की लगेच टॅब बंद करू नका. स्टेटसच्या पानावर नवीन व्हर्जन खरंच दिसतंय का बघा, सेटिंग्ज उडाली असतील तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड परत बदला, आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरच्या नेटवरून राउटरची सेटिंग्ज उघडायची सोय) बंद आहे ना तेही तपासा.