बीफ-बटाट्याचं कॅसरोल: रविवारच्या जेवणाआधीची तयारी

अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या पट्ट्यात थंडी पडली की घरोघरी आणि चर्चच्या जेवणांना खिम्याचं कॅसरोल, म्हणजे एका भांड्यात थर रचून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, ठरलेलं. मिनेसोटात त्याला हॉटडिश म्हणतात. मँकेटो गावातल्या एका लुथरन चर्चच्या बायकांनी १९३० साली छापलेल्या पाककृतींमध्ये हे नाव सापडतं. इकडच्या ज्या मराठी घरांत बीफ चालतं, तिथेही आता हा पदार्थ चांगला रुळला आहे. सहा ते आठ माणसांचं पोटभर जेवण एका भांड्यात होतं, आणि पाहुणे येतात तेव्हा रांधणारी व्यक्ती ओट्याशी अडकलेली नसते, बाहेर सगळ्यांबरोबर बसलेली असते. मला या पदार्थाचं मोल वाटतं ते यासाठीच.

ही मोकळीक आधीच्या तयारीतून येते. कॅसरोल फसतं ते बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे: खिम्यातून सुटलेली चरबी आणि बटाट्यातून सुटलेलं पाणी. भांडं एकदा ओव्हनमध्ये गेलं की या दोन्हींवर काही इलाज उरत नाही. वर तुपकट तवंग आणि खाली पातळ दुधाळ पाणी असलेलं कॅसरोल कितीही चीज घातलं तरी सावरत नाही. म्हणून तयारी करताना प्रत्येक टप्प्यावर बघायचं ते एवढंच, की चरबी आणि पाणी भांड्यात जायच्या आत बाहेर पडलंय की नाही.

सुरुवात भांड्यापासून. नऊ बाय तेरा इंचाचं, दोन इंच खोल भांडं लागतं. त्यात दीड पौंड खिमा, अडीच पौंड बटाटे आणि अडीच कप सॉस काठोकाठ बसतो. खाली एक पत्रा ठेवला की उतू गेलं तरी ओव्हन घासायला लागत नाही. भांडं काचेचं असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका: रचून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर ते वापरू नका. थंडगार काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की तडकू शकते, आणि मग अख्खं जेवण काचांसकट फेकावं लागतं. आदल्या दिवशी फक्त घटक तयार ठेवायचे आणि रविवारी रचायचं, हे सगळ्यांत सोपं. मी तसंच करते.

खरेदी शुक्रवारी किंवा शनिवारी करा. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच चांगला राहतो, त्याहून आधी आणलात तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९०/१० असे आकडे असतात; पहिला मांसाचा, दुसरा चरबीचा. ८०/२० बहुतेक वेळा चक म्हणजे खांद्याकडच्या भागाचा असतो आणि त्याला चव छान असते, पण चरबी बरीच काढावी लागते. ९०/१० या पदार्थात कोरडा आणि भुसभुशीत लागतो. मधला ८५/१५ घ्या. पाकीट उघडल्यावर वरचा थर लाल आणि आतला करडा दिसला तर घाबरू नका, आत हवा पोचत नाही म्हणून तसा रंग येतो. वास आंबूस असेल किंवा हाताला चिकट बुळबुळीत लागत असेल तर मात्र टाकून द्या.

गोठवलेला खिमा ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही. शुक्रवारी सकाळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून द्या, शनिवारपर्यंत सुटतो. आणि खिमा धुऊ नका. आपल्याकडे धुऊन चाळणीत निथळायची पद्धत आहे, पण पाणी राहिलेला खिमा पॅनमध्ये भाजला जात नाही, नुसता शिजतो आणि करडा पडतो. शिवाय धुताना कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात. जंतू मरतात ते उष्णतेने, पाण्याने नाही.

बटाट्यांमध्ये युकॉन गोल्ड घ्या. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठात तयार झालेलं हे वाण १९८० साली बाजारात आलं. पिवळसर, मऊ होणारं, पण काप शाबूत ठेवणारं. रसेट जास्त पिठूळ असतो, त्याचे काप सॉसमध्ये विरघळतात. मॅशसाठी उत्तम, इथे नको. लाल बटाटा आकार धरून ठेवतो पण सॉस आत घेत नाही. बाकी यादीत दोन मोठे कांदे, पाच-सहा लसूण पाकळ्या, आठ औंस शार्प चेडर चीज, बटर, मैदा, पूर्ण सायीचं दूध, टोमॅटो पेस्टची छोटी डबी, वुस्टरशर सॉस, पॅप्रिका, थाइम, मिरी आणि एक कप गोठवलेले मटार. चेडर आख्ख्या वडीचंच आणा आणि घरी किसा. पिशवीतल्या किसलेल्या चीजला गोळा होऊ नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, त्यामुळे सॉस रवाळ होतो.

आता खरं काम, शनिवारी संध्याकाळी. रुंद पॅन चांगलं तापवा, खिमा पसरून ठेवा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. इथे डोळ्यांपेक्षा कान लावा. आधी ओलसर, मोठा फसफसाट ऐकू येतो आणि खूप वाफ निघते, ते मांसातलं पाणी. ते संपत आलं की आवाज बारीक होतो, तडतड सुरू होते. आता खिमा स्वतःच्या चरबीत परततोय. याच वेळी खालच्या बाजूला तांबूस खरपूस थर धरतो आणि सगळी चव तिथेच असते. तडतड ऐकू आली की उलथन्याने फोडत, उलटवत जा, कुठेही गुलाबी राहू देऊ नका. दीड पौंड एकदम मावत नसेल तर दोन हप्त्यांत करा, गर्दी केली की पुन्हा पाणी साठतं.

मग पॅन तिरकं करून खिमा वरच्या बाजूला सारा, खाली जमलेली चरबी चमच्याने काढून रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जमवा. सिंकमध्ये ओतायची नाही, नळीत गोठते. चमचाभर चरबी ठेवून तिच्यावर बारीक चिरलेला कांदा घाला आणि कडा तपकिरी होईपर्यंत परता. लसूण, मोठा चमचाभर टोमॅटो पेस्ट, तेवढाच वुस्टरशर, चमचाभर पॅप्रिका, अर्धा चमचा थाइम, मिरी, मीठ. पेस्ट कोरडी होऊन पॅनला चिकटायला लागेपर्यंत परता. टोमॅटो पेस्ट इथेच, खिम्यातच मुरू द्या. बटाट्याच्या थरात टोमॅटो घातला तर आंबटपणामुळे बटाटा लवकर शिजत नाही, तासाभरानेही काप कचकचीत राहतात. खिमा उथळ भांड्यात पसरा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. अर्धा कच्चा परतून ‘उद्या शिजेलच’ म्हणून ठेवणं धोक्याचं आहे, तसं करू नका.

मसाल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन हिरव्या मिरच्या आणि बोटभर आलं कांद्याबरोबर घाला, फार छान लागतं. गरम मसाला मात्र नको. लवंग-दालचिनी आणि चेडर एकमेकांना दाबायला बघतात आणि दोन्ही हरतात. गरम मसाला घालायचा असेल तर खिमा-पाव करा, तो वेगळा आणि तितकाच चांगला बेत आहे.

आपल्या घरांमध्ये आणखी एक तयारी लागते, ती पाहुण्यांची. सासूबाई-सासरे भारतातून आलेले असतील, कुणी बीफ खात नसेल, कुणी शाकाहारी असेल, तर आधी विचारून घ्या आणि आठ इंची वेगळ्या भांड्यात त्यांचं कॅसरोल करा: कोरडे होईपर्यंत परतलेले मशरूम, उकडलेला राजमा, तेच बटाटे, तोच पांढरा सॉस. मशरूम-राजम्याचा थर खिम्याचं पाकीट उघडण्याआधी करून ठेवा, चमचा आणि सुरी वेगळी ठेवा, ओव्हनमध्येही वरच्या कप्प्यात ठेवा म्हणजे वरून काही सांडणार नाही. शाकाहाऱ्यांच्या भांड्यात वुस्टरशर नको, नेहमीच्या बाटलीत अँचोव्ही मासे असतात. काही चीजमध्ये दूध गोठवायला वापरलेलं प्राण्यांचं रेनेट असतं, म्हणून पाकिटावर शाकाहारी रेनेट लिहिलेलं बघून घ्या. समोरच्या माणसाला निर्धास्तपणे जेवता यावं, यासाठी हा अर्धा तास द्यायलाच हवा.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला बटाटे. सोलून तीन मिलिमीटरचे काप करा. मँडोलिन, म्हणजे काप करायची किसणी, वापरत असाल तर हाताचं कव्हर लावूनच. काप एकसारखे हवेत, नाहीतर काही विरघळतात आणि काही कच्चे राहतात. खळखळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं. सुरीचं टोक सहज गेलं पाहिजे पण काप उचलल्यावर मोडता कामा नये. निथळून जुन्या स्वच्छ पंचावर एकेक पसरा. त्यांच्यातून वाफ निघत राहते आणि ओला चकचकीत पृष्ठभाग हळूहळू मंद, पिठूळ दिसायला लागतो. तसा दिसेपर्यंत, म्हणजे दहा मिनिटं, थांबा. कॅसरोलच्या तळाशी जमणारं पाणी इथे उडून जातं. मटारही असेच वितळवून टिपून घ्या.

तोवर सॉस. तीन मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊ द्यायचा. अडीच कप कोमट दूध थोडं थोडं घालत फेटा. चमच्याच्या पाठीला धरेल इतका दाट झाला की आच बंद करून मगच दोन-तृतीयांश चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज फाटतं. वेळ नसेल तर मशरूम सूपचा डबा आणि कपभर दूध चालेल. कॅम्पबेलचं ते घट्ट सूप १९३४ पासून बाजारात आहे आणि इथल्या कितीतरी घरांत कॅसरोल म्हणजे तीच चव. तसं केलंत तर मीठ हात राखून घाला, डबा मुळातच खारट असतो.

पाच वाजता ओव्हन ३७५ फॅरनहाइटला, म्हणजे १९० सेल्सियसला लावा. भांड्याला बटर, अर्धे बटाटे, सगळा खिमा आणि मटार, अर्धा सॉस, उरलेले बटाटे, उरलेला सॉस. खिमा फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून पॅनमध्ये जरा गरम करून घेतलात तर मधला भाग थंड राहत नाही. सव्वापाचला फॉइल घट्ट लावून भांडं आत, पस्तीस मिनिटांनी फॉइल काढून उरलेलं चीज वर, आणि पुढची पंधरा मिनिटं उघडं. कडेने सॉस बुडबुडायला लागतो आणि वर तपकिरी डाग पडतात. तरी थर्मामीटर मधोमध खुपसून १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस दिसतंय का बघाच. कडा उकळत असताना मधला भाग कोमट असू शकतो.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मुलं कितीही घाई करोत, लगेच वाढलं तर सगळं ओघळून ताटलीभर पसरतं, थांबलात तर चौकोनी तुकडा निघतो. या पंधरा मिनिटांत काकडीची कोशिंबीर करा, दही न घालता, लिंबू आणि दाण्याचं कूट घालून. चीजच्या जडपणाला आंबट काहीतरी हवंच. भात-पोळी नको. घेवड्याच्या शेंगा नुसत्या वाफवून मीठ-मिरी लावल्या तरी पुरे.

उरलेलं दोन तासांच्या आत छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकतं. खाताना पुन्हा १६५ पर्यंत गरम करा. तयार कॅसरोल फ्रीझ करू नका, सॉस फुटतो आणि बटाटे पाणचट होतात. पुढच्या खेपेची सोय करायची असेल तर शनिवारी दुप्पट खिमा परता, अर्धा पिशवीत सपाट भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि पिशवीवर तारीख लिहा. तीन-चार महिने तो चांगला राहतो.