आधी मुलाला विचारा

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर, नव्याने रुजू होणाऱ्या काउन्सेलरांसाठी लिहितेय. सीडीफोर नि व्हायरल लोडच्या रक्ततपासण्या, गोळ्यांच्या वेळा हे तुमच्या ट्रेनिंगमध्ये झालेलं असतं. ‘आईने मुलाला त्याच्या लागणीबद्दल कसं सांगायचं’ हे सत्र आमच्या वेळी जेवणानंतर होतं आणि वीस मिनिटांत उरकलं.

मला चार महिने झाले होते. अकरा वर्षांचा मुलगा, जन्मापासूनची लागण. घरी सांगितलेलं, “रक्त कमी आहे, ताकदीच्या गोळ्या आहेत.” तो गोळ्या चुकवायला लागला होता. आई म्हणाली, “मॅडम, माझ्या तोंडून नाही निघायचं. तुम्हीच सांगा.” खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटला. तिला बाहेर बसवलं, फ्लिपचार्ट उघडला, शरीरातले सैनिक नि झोपलेला विषाणू सगळं समजावलं. तो मुकाट ऐकत होता. शेवटी म्हणाला, “डोलुटेग्राव्हिर ना? मोबाइलवर बघितलंय मी. आईला सांगू नका, ती रडेल.”

एचआयव्हीच्या त्या औषधाच्या नावावर तेव्हा माझीच जीभ अडखळायची.

आई दर महिन्याला डबीवरचं लेबल खरवडून काढायची. एकदा राहून गेलं होतं. वर्षभर पोरगं हे एकटं पोटात घेऊन फिरत होतं, आणि ज्या माणसाशी बोलायला हवं होतं त्यालाच मी दाराबाहेर काढलं. दोघं एकाच एसटीने गावी गेले. पुढे तीन महिने त्या घरात या विषयावर चकार शब्द नाही.

म्हणून पुन्हा सांगते, सांगण्याआधी विचारा. मुलाला एकट्याला: “या गोळ्या कशासाठी घेतोस?” उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. आईला: “तो पूर्वी काय विचारायचा? विचारणं कधी थांबलं?” प्रश्न अचानक बंद झाले असतील तर बहुतेक वेळा त्याला काहीतरी कळलेलं असतं. आणि बोलायचं आईनेच. तुम्ही शेजारी बसा. तुम्ही सांगितलंत तर ती सेंटरची बातमी होते, घरची गोष्ट होत नाही.

“दहावी होऊ द्या, मग बघू” म्हणणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच म्हटलंय की शाळकरी वयात मुलाला सांगावं, लहानग्यांना झेपेल तसं टप्प्याटप्प्याने. माझ्या मते सीनियरपेक्षा, स्वतःच्या मुलांना सांगून बसलेली एखादी ताई शंभरपट चांगली शिकवते. तिची नि नव्या आईची गाठ घालून द्या, अर्थात दोघींना विचारून.

तुमच्या हातून चुकेल. माझ्या हातून चुकलं तरी ते घर सावरलं. त्या आईकडून आम्ही एकच वाक्य चार भेटी घोटून घेतलं. शेवटी तिने ते भाकरी थापताना सांगितलं, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागणार नाही. त्याने एवढंच विचारलं, “शाळेत सांगावं लागेल का?”

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं, कारण मी दिलं नव्हतं. तुम्ही द्या: नाही, सांगावं लागत नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला आहे. आणि पुढची तारीख महिन्यानंतरची नको, आठवड्याभरातली द्या. खरे प्रश्न तेव्हा येतात.