बोर्डाचे फण: सर्फबोर्डला फिन निवडायचे कसे, बसवायचे कसे

औशाजवळच्या आमच्या गावी पडवीत बाजेवर सर्फबोर्ड पालथा टाकून मी त्याच्या तळाला फिन, म्हणजे उभी पाती, बसवत होतो. मामा शेतातून आले, थांबले आणि म्हणाले, "काय रे, तिफणीला फण बसवायलास का?"

हसण्यावारी नेलं खरं, पण फिनचं काम याहून सोप्या शब्दांत मला अजून कुणी सांगितलेलं नाही. फण माती धरतो म्हणून तिफण सरळ चालते. फिन पाणी धरतो म्हणून बोर्ड लाटेवर आडवा घसरत नाही आणि वळवला की वळतो. सुरुवातीच्या बोर्डांना फिन नव्हतेच. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने बोर्डाखाली पहिल्यांदा फिन ठोकला. पुढे मार्क रिचर्ड्सने दोन फिनांच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ असं सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं, आणि सायमन अँडरसनने १९८१ मध्ये तीन फिनांचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा मारली. आज सर्वांत जास्त दिसते ती ही तिफणच. तिला थ्रस्टर म्हणतात.

आपल्याकडून समुद्र म्हणजे निदान एका रात्रीचा प्रवास. तिथे पोचल्यावर फिन बसत नाही असं कळलं तर सुट्टी वाया जाते. म्हणून ही सगळी कामं घरी, कोरड्यात उरकायची.

आधी खाच बघा, मग फिन विकत घ्या

बोर्ड पालथा करा. दोन छोट्या चौकोनी खाचांच्या जोड्या दिसल्या तर तो एफसीएस या कंपनीचा जुना प्रकार. त्याचे फिन दोन दातांचे असतात आणि बाजूच्या बारीक स्क्रूंनी आवळले जातात. त्यांच्याच नव्या प्रकारात, एफसीएस टू मध्ये, सहसा स्क्रू लागत नाही. एकच लांब खोबण आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू असेल तर तो फ्यूचर्स या दुसऱ्या कंपनीचा. बोर्डाच्या मधोमध हातभर नाही पण वीतभर लांब खोबण असेल, तर तो लाँगबोर्डचा एकफिनी बॉक्स. एकाचा फिन दुसऱ्यात बसेलच असं धरून चालू नका. मी जुना बोर्ड घेतला, फिन वेगळीकडून मागवले, आणि थेट कर्नाटकातल्या मुल्कीच्या किनाऱ्यावर पिशवी उघडली. बोर्डाला एकदाती खोबण आणि हातात दोन दातांचे फिन! दोन दिवस दुसऱ्याचा बोर्ड मागून घ्यावा लागला.

आणि दुकानात नुसतं 'फिन' म्हणू नका. पायात घालायचे रबरी पंजे समोर ठेवतील.

माप वजनावर

देखणा रंग बघून फिन घेणारे पुष्कळ भेटतात. बघायचं ते स्वतःचं वजन. ढोबळमानाने ५५ ते ७० किलोला स्मॉल, ६५ ते ८०ला मीडियम, ७५ ते ९०ला लार्ज. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पाकिटावरचा तक्ता वाचा. दोन मापांच्या सीमेवर असाल आणि नवशिके असाल तर मोठं माप घ्या. लहान फिनवर बोर्ड पटकन वळतो, पण मागचा भाग निसटतो, आणि नवशिक्याला वळण्याआधी उभं राहायचं असतं. लाँगबोर्डच्या एकट्या फिनला सोपा हिशेब आहे: बोर्ड जितके फूट, फिन साधारण तितके इंच. नऊ फुटी बोर्डाला नऊ इंची.

दोन फिन वेगवान आणि मोकळे, लहान मऊ लाटांत मजा आणतात. चार फिन वेग देतात आणि कडा चांगली धरतात. पहिल्या बोर्डाला मात्र तीनच असू द्या. फिनचं टोक मागे जास्त झुकलेलं असेल तर वळणं लांब आणि डौलदार, उभट असेल तर आखूड.

नीबोर्डचं गणित निराळं. त्यावर गुडघे टेकून बसतात, वजन मागच्या बाजूला येतं आणि बोर्डाची शेपटी रुंद असते. रुंद शेपटी पाण्यावर उचलली जाते, म्हणून तिला धरून ठेवायला जास्त फिन लागतो, विशेषतः कडेचा. चार फिनांची जोडणी त्यामुळेच पुष्कळ नीबोर्डांवर दिसते. नीबोर्डवाल्यांनी फिनला दिलेली मोठी देणगी म्हणजे जॉर्ज ग्रीनोचा लवचीक फिन. ट्यूना माशाच्या शेपटीवरून त्याला तो आकार सुचला.

आता बसवायचे

बोर्डाखाली गोधडी घाला. खाचेतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा. वाळूचा एक कण राहिला तरी फिन पूर्ण बसत नाही आणि आपण स्क्रूलाच दोष देत बसतो.

मग डावा-उजवा ओळखा. मधल्या फिनच्या दोन्ही बाजू सारख्या फुगीर असतात. कडेच्या फिनची एक बाजू सहसा सपाट असते. सपाट बाजू आत, फुगीर बाजू बोर्डाच्या कडेकडे, झुकलेलं टोक शेपटीकडे. एवढं जमलं की फिनवरची अक्षरं पुसली गेली तरी चुकत नाही.

मामांनी इथेच बोट ठेवलं. मागून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "हे कडेचे दोन तिरके बसलेत की. तास सरळ पडायचा नाही." त्यांची नजर बरोबर होती. कडेचे फिन किंचित आत, बोर्डाच्या नाकाकडे रोखलेले असतात आणि खाली बाहेर कललेले. खाचच तशी तिरकी बसवलेली असते. लाट सरळ रेषेत नांगरायची नसते, त्यामुळे तुम्ही ते सरळ करायला जाऊ नका.

दोन दातांचा फिन हाताने सरळ दाबा, तळ बोर्डाला टेकला की स्क्रू आवळा. एफसीएस टू असेल तर पुढचं टोक आधी अडकवा, मग मागून दाबा, खट्ट आवाज येतो. फ्यूचर्समध्ये फिनचा तळ खोबणीत पूर्ण बसवून पुढचा स्क्रू फिरवा. एकफिनी बॉक्समध्ये स्क्रूची छोटी पट्टी आधी खोबणीत सोडून पुढे सरकवायची, फिनची पिन मधल्या रुंद जागेतून आत घालून मागे सरकवायची, पुढचा भाग खाली दाबायचा आणि स्क्रू त्या पट्टीत पकडायचा. फिन शेपटीकडे सरकवला तर बोर्ड स्थिर, पुढे घेतला तर वळायला मोकळा. मधोमध ठेवून सुरुवात करा.

आवळताना जोर दाखवू नका. स्क्रू अडला की फार तर आणखी पाव फेरा. खाच फायबरच्या नाजूक थरात बसवलेली असते, फुटली तर बोर्डच दुरुस्तीला जातो. शेवटी प्रत्येक फिन धरून हलवून बघा. खुळखुळला तर पुन्हा उघडा.

प्रवासात फिन काढून वेगळ्या कापडात गुंडाळायचे. बसच्या डिकीत पहिला धक्का त्यांनाच बसतो. मे महिन्यात बोर्ड पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, थर सुटून फुगे येतात.

परतल्यावर मीठ धुवायला गोडं पाणी लागतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातूरकराला मी बादली ओता म्हणणार नाही. फिन काढून खाचेत एक तांब्या पुरतो, पण तो टाळू नका, नाहीतर पुढच्या खेपेला स्क्रू गंजून जाम झालेला असतो.

राहिली चावी. एफसीएस आणि फ्यूचर्सच्या स्क्रूंना षटकोनी बारीक चावी लागते, आणि ती वाळूत पडली की गेली. मी माझी मोटारसायकलच्या किल्लीच्या कडीत अडकवली आहे. मामा ती दोनदा विळ्याची मूठ आवळायला घेऊन गेले, बसली नाही.